माझे डावे टोक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. लाकडी, लांब, पाठ टेकायला कठडा असलेला आणि एका पायाने किंचित लंगडा. सध्या माझा मुक्काम कायद्याच्या कॉलेजात, जिन्याखाली आहे. शेजारी एक फुटकी बादली आहे आणि दोन बंद पडलेले पंखे आहेत. त्यांचे आणि माझे फारसे पटत नाही. पंख्यांना वाटते की या इमारतीत जो काही वारा वाहिला तो त्यांच्यामुळेच. मी काही बोलत नाही. वय झाले की माणसाने आणि बाकाने थोडे ऐकून घ्यावे.

पण आज मी बोलणार आहे. माझ्या मनात एक गोष्ट फार वर्षे रुतून बसली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचे नाही.

आधी माझे कूळ सांगतो. माझे लाकूड साधेसुधे नाही बरे का. जुन्या कोर्टात साक्षीदार उभा राहतो तो पिंजरा असतो ना, त्या पिंजऱ्याचे ते लाकूड. कोर्ट नव्या इमारतीत गेले आणि आम्ही उघड्यावर पडलो. तेव्हा एका सुताराने आम्हाला उचलले. पिंजऱ्याच्या कठड्याची त्याने माझी पाठ केली आणि तळाच्या फळ्यांची बैठक. हात चांगला होता त्याचा, पण एक पाय बोटभर आखूड कापला गेला. कॉलेजच्या शिपायाने ते दाखवून दिले तर सुतार म्हणाला, "पाय बरोबर आहे, तुमची फरशी वाकडी आहे." नाचता येईना अंगण वाकडे! शेवटी शिपायाने जुन्या प्रश्नपत्रिकांची घडी करून त्या पायाखाली सारली. तेव्हापासून दर परीक्षेनंतर माझ्या पायाखाली ताजी प्रश्नपत्रिका येऊ लागली. कायद्याच्या आधाराने उभा राहणारा माझ्याइतका खरा कोणी या कॉलेजात नव्हता.

त्या कठड्यावर हात ठेवून कितीतरी माणसांनी खरे बोलण्याची शपथ घेतली होती. काही खरे बोलली, काही धडधडीत खोटे बोलली. हाताच्या घामावरून मला खरेखोटे कळायचे अशी फुशारकी मी मारणार नाही. मला एवढेच कळले की खरे सांगायला आलेले माणूसही घाबरलेले असते. त्याला कुणीतरी नीट विचारावे लागते आणि त्याचे नीट ऐकावे लागते.

कॉलेजात मला परीक्षेच्या हॉलबाहेर, व्हरांड्यात ठेवले. समोर हॉलचे दार, त्याशेजारी सूचना चिकटवायची भिंत आणि माझ्या उजव्या हाताला पिण्याच्या पाण्याचा नळ. जागा मोठी मोक्याची. पेपर सुटला की सगळी मुले आधी नळावर आणि मग माझ्यावर. काहीजण बसत, काही कठड्यावर चढत, आणि ज्यांना जागा मिळत नसे ते माझ्यासमोर फरशीवर फतकल मारत.

मित्रांनो, तुम्ही पेपर देऊन बाहेर आल्यावर काय करता? "तू काय लिहिलंस?" हेच ना? कायद्याची मुलेही तेच करतात, फक्त जास्त मोठ्याने. त्यांच्या सकाळच्या पेपरात चार पर्यायांचे प्रश्न असत. अ, ब, क, ड यांतला एकच काळा करायचा. दोन पर्याय तर वेडेही सोडून देतील असे असत. उरलेल्या दोघांत मात्र असे काही साटेलोटे असे की दोन्ही बरोबर वाटत. मग बाहेर आल्यावर जी जुंपे! पूर्वी पूर्वी तर एकाने दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर धरलेली मी पाहिली आहे, आणि तीही 'अहिंसक मार्गाने वाद कसा मिटवावा' या प्रश्नावरून.

शेवटी शहाण्या मुलांनी एक रीत पाडली. तिचे नाव बाकावरचे कोर्ट. माझ्या मधोमध बसेल तो न्यायाधीश. उजव्या टोकाला बसेल त्याने एका उत्तराची बाजू मांडायची आणि डाव्या टोकाला बसेल त्याने दुसऱ्याची. तुम्ही स्वतः पेपरात काय लिहिले आहे याचा काही संबंध नाही. ज्या टोकाला बूड टेकले त्या टोकाची वकिली करायची. वकिलाला काय, आलेल्या अशिलाची बाजू मांडावीच लागते, तर सवय आतापासून झालेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते. डब्याचे झाकण कठड्यावर आपटले की कोर्ट सुरू आणि पुन्हा आपटले की निकाल.

दुसरा नियम असा होता की दुपारचा पेपर होईपर्यंत आपण स्वतः काय लिहिले ते कुणीही कुणाला सांगायचे नाही. हा नियम का झाला तेही सांगतो. एका वर्षी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाने सकाळची आपली सगळी उत्तरे धडाधडा म्हणून दाखवली आणि ती ऐकून एक मुलगी इतकी रडली की दुपारी तिला पेन धरवेना. पुन्हा तसे कुणाचे होऊ नये म्हणून मुलांनी एकमताने हा नियम केला. चांगल्या मनाने केला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात वाईट मनाचे कुणीही नव्हते.

आता ताईची गोष्ट.

ती वर्गातल्या मुलामुलींपेक्षा वयाने चांगलीच मोठी होती, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. कोर्टाच्या रस्त्यावर तिचे शिवणाचे दुकान होते आणि ती फक्त वकिलांचे काळे कोट शिवायची. "आयुष्यभर वकिलांच्या काखेत टाचण्या लावल्या," ती म्हणायची, "आता वाटतं, एकदा आपल्याला कुणी टाचण्या लावाव्यात." सकाळी वर्ग भरायच्या आधी ती येऊन माझ्यावर बसे, पुस्तक मांडीवर ठेवून ओठ हलवत वाचत राही. वर्ग संपला की दुकान. तिच्या बोटांना सुईची छिद्रे होती. पान उलटताना ती बोटे कागदाला किंचित अडकत.

एकदा तिने पिशवीतून एक काळा कोट काढला आणि माझ्यावर बसून त्याची किनार हाताने टिपू लागली. कोट सुरेख होता. पण त्याला बटणे नव्हती.

"हा कुणाचा गं ताई?" एका मुलीने विचारले. तिच्या जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मिस म्हणत.

"माझा."

"मग बटणं?"

ताईने पर्समधून एक छोटी पत्र्याची डबी काढून वाजवून दाखवली. "ही बघ. वकील झाले की लावीन. आत्ताच लावली तर कोटच मला म्हणेल, बाई, घाई कसली झालीय?"

सगळे हसले. तीही हसली. पण पहिल्या वर्षाची परीक्षा ती दोनदा नापास झाली होती हे साऱ्यांना ठाऊक होते. या कॉलेजात तीनदाच बसता येई. तिसऱ्यांदाही नाही जमले तर नाव कायमचे कमी. आणि सकाळचा व दुपारचा असे दोन्ही पेपर पास व्हावे लागत.

लिहायच्या पेपरात ताई कधी कच्ची नव्हती. तिला आडवे येत ते हे चार पर्याय. ती चष्मिसला सांगायची, "मला ना, ब पण खरा वाटतो आणि क पण. गिऱ्हाईक म्हणतं खांदा सैल आहे, त्याची बायको म्हणते घट्ट आहे, आणि मी बघते तर दोघांचं थोडं थोडं बरोबर असतं. आता काळं कुणाला करू?"

तिला शिकवायला बसायचा तो पोपट. हे अर्थात त्याचे टोपणनाव. अंगाने काडी, पण तोंड सुरू झाले की बंद करायला दोन माणसे लागत. बाकावरच्या कोर्टात तो कधी हरला नव्हता. सुरुवातीला तो तिला "ताई, तुम्ही" म्हणायचा. तिने एकदा त्याला झापले, "ताई म्हणतोस आणि वर तुम्ही काय? बहिणीला कुणी अहोजाहो करतं का?" तेव्हापासून तो तिला 'तू' म्हणू लागला. तो तिला प्रश्न समजावून देई आणि ती त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण अंगावरच टाके घालून नीट करी. टाका घालताना त्याला गप्प बसावे लागे. तेवढा वेळ माझ्या कानांना विसावा.

मी दोघांनाही पाठीवर घेतले आहे, म्हणून सांगतो. सख्ख्या भावंडांत असते तशीच माया होती ती.

तिसऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळचा पेपर सुटला आणि सर्वांत आधी पोपट बाहेर आला. नळावर तोंड धुताना शिपाईकाकांनी त्याला विचारले, "कसा होता रे पेपर?"

"बरा होता काका. एक तो कुत्र्याचा प्रश्न मात्र बेकार. मी आपला ब काळा केला आणि मोकळा झालो," तो म्हणाला. शिपाईकाका काही परीक्षा देणार नव्हते, त्यामुळे नियम मोडला नाही. नळ माझ्या अगदी शेजारी. मी ते ऐकले. ताई तेव्हा अजून हॉलमध्येच होती.

कुत्र्याचा प्रश्न तुम्हालाही सांगतो, मित्रांनो. एका बाईचा कुत्रा हरवला. तिने भिंतीवर चिठ्ठी लावली की जो कुणी माझा कुत्रा शोधून आणून देईल त्याला मी बक्षीस देईन. एका माणसाला तो कुत्रा सापडला, तेव्हा त्याला चिठ्ठीचा पत्ता नव्हता. कुत्र्याला घेऊन येताना वाटेत त्याने ती चिठ्ठी वाचली आणि मग कुत्रा बाईला नेऊन दिला. आता बक्षिसावर त्याचा हक्क आहे का? ब म्हणत होता, आहे, कारण आणून देताना त्याला बक्षीस माहीत होते. क म्हणत होता, नाही, कारण कुत्रा सापडला तेव्हा त्याला ते माहीत नव्हते. अ आणि ड यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

ताई बाहेर आली ती सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या पायाशी फरशीवर टेकली. तिने प्रश्नपत्रिका गुडघ्यावर ठेवली आणि पेन्सिलीने एकेका प्रश्नावर बारीक खुणा करत गेली. हा धरला, हा सोडला, हा धरला. शेवटी ती कुत्र्याच्या प्रश्नापाशी थांबली. तिनेही ब काळा केला होता. "एवढा बरोबर आला तर तरले," ती स्वतःशीच पुटपुटली, "नाही आला तर गेले." तिचे डोके माझ्या पायाला लागले होते. तिच्या पर्समधली डबी हळूच वाजली.

तोवर वर माणसे जमली होती. चष्मिस मध्ये बसली. उजव्या टोकाला एक धिप्पाड मुलगा येऊन बसला, त्याला पैलवान म्हणत. डावे टोक तेवढे रिकामे होते. पोपट तोंड पुसत आला, जागा दिसली आणि बसला. बस, एवढेच झाले. उजवे टोक रिकामे असते तर तो उजवीकडे बसला असता. माझ्या मनात हे किती वेळा येते म्हणून सांगू!

चष्मिसने झाकण आपटले. "कुत्र्याचा खटला. उजवं टोक ब, डावं टोक क. पैलवान, बोल."

"यात बोलण्यासारखं काय आहे?" पैलवान म्हणाला. "कुत्रा आणून दिला ना? देताना बक्षीस माहीत होतं ना? मग विषय संपला."

पोपट उठून उभा राहिला. "न्यायाधीश महाराज, माझ्या विद्वान मित्रांना भूक लागली आहे, म्हणून ते घाईत आहेत."

हशा पिकला.

"त्या माणसाला रस्त्यात कुत्रा दिसला, तेव्हा त्याच्या डोक्यात बक्षीस होतं का? नव्हतं. त्यानं कुत्रा उचलला तो दया आली म्हणून. आणि दया ही दया असते, तो करार नसतो. आता मला सांगा, वाटेत एक चिठ्ठी वाचली म्हणून मघाची दया आत्ता मजुरी होते का?"

"पण तो चिठ्ठी वाचून पुढे चालत आला ना," पैलवान म्हणाला.

"तो तसाही चालत येणारच होता!"

"हे प्रश्नात कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, हेच तर मी म्हणतोय! पेपर काढणाऱ्यांनी त्याच्या मनात काय होतं ते लिहिलं नाही. मग आपण कोण त्याच्या मनात लोभ घालणारे? मी त्या माणसाची अब्रू वाचवतोय आणि तुम्ही त्याला बक्षिसाच्या मागे लावताय!"

काय बोलला तो! समोरची मुले टाळ्या पिटू लागली. पैलवानाने हात टेकले. चष्मिसने झाकण आपटले आणि म्हणाली, "निकाल डाव्या टोकाच्या बाजूने. उत्तर क."

ताईनेही टाळ्या वाजवल्या. माझ्या पायाशी बसून, मान खाली घालून, दोनच टाळ्या. मग ती उठली. पोपटाभोवतीची मुले डबे उघडायला पांगली तेव्हा ती त्याच्याजवळ गेली आणि तिने माझ्या कठड्यावर हात ठेवला. तोच कठडा, जिथे साक्षीदार हात ठेवत. तिचा हात गार पडला होता.

"पोपट, खरं सांग. तू काय लिहिलंस?"

पोपट अजून जिंकल्याच्या नशेत होता. तो हसला. "ते सांगायचं नसतं ना ताई. नियम म्हणजे नियम."

"मला एकटीला सांग."

"दुपारी पेपर सुटला की पहिलं तुलाच सांगतो. शपथ. आता निकाल लागलाय ना, त्याचा विचार करू नकोस. चल, डबा खाऊ."

"तू हो पुढं," ती म्हणाली. "मी पाणी पिऊन येते."

ती नळापर्यंत गेली. तिने तोटी उघडली, पण ओंजळ पुढे केली नाही. पाणी नुसते वाहत होते. मग तोटी बंद करून ती व्हरांड्यातून पायऱ्यांकडे गेली, पायऱ्या उतरली, आणि हॉलकडे न वळता फाटकाकडे चालू लागली. चालताना तिच्या पर्समधली डबी वाजत होती. फाटकापर्यंत मला ती ऐकू आली.

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असते तर! "ब! त्यानेही ब लिहिले आहे, ताई, माघारी फीर!" एवढेच ओरडायचे होते. सगळी हयात लोकांच्या साक्षी ऐकण्यात गेली आणि मला एक साक्ष द्यायची होती, ती देता आली नाही. लाकडाला रडता येत नाही म्हणतात. ज्यांना रडता येते त्यांनी हे म्हणावे.

दुपारची घंटा झाली. पोपटाने इकडेतिकडे पाहिले. "ताई आत गेली वाटतं," म्हणत तो हॉलमध्ये शिरला. त्याची जागा पुढच्या रांगेत होती आणि तिची मागे. पेपर सुटल्यावर तो धावतच बाहेर आला. "ताई कुठंय? मला तिला सांगायचंय," तो चष्मिसला म्हणाला.

चष्मिसने भिंगे पुसली, पुन्हा लावली. "तिची जागा रिकामी होती रे."

तो तसाच पळत दुकानाकडे गेला. दुकान बंद होते, असे तो दुसऱ्या दिवशी चष्मिसला सांगत होता ते मी ऐकले. नंतर दुकान उघडले, तेव्हा तो पुन्हा गेला. "मशीनवर बसली होती. मान वर न करताच म्हणाली, कोटाचं माप द्यायचंय का? मला काही बोलताच आलं नाही गं," तो म्हणाला. पोपटाला बोलता आले नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकले.

पुढे समोरच्या भिंतीवर सकाळच्या पेपरची उत्तरे लागली. मुलांनी गर्दी केली. पोपट सगळ्यांच्या मागून आला आणि एकेक ओळ बोटाने वाचत कुत्र्याच्या प्रश्नापर्यंत पोहोचला. तिथे लिहिले होते की प्रश्न संदिग्ध असल्यामुळे ब आणि क दोन्ही उत्तरे ग्राह्य धरण्यात येत आहेत. दोन्ही बरोबर! निकालात ताई सकाळच्या पेपरात पास होती. दुपारच्या रकान्यात 'गैरहजर' असे होते.

पोपट प्राचार्यांच्या खोलीत गेला. तिला पुन्हा बसू द्या म्हणून तो फार वेळ बोलत होता. बाहेर येऊन माझ्यावर बसला, उजव्या टोकाला. चष्मिस शेजारी येऊन बसली.

"काय म्हणाले?"

"नियम म्हणजे नियम." तो खाली मान घालून म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनातली बाजू मांडली गं. आणि हरलो."

त्यानंतर बाकावरचे कोर्ट पुन्हा भरले नाही. कुणी बंद केले नाही, पण झाकण आपटायला कुणाचा हात धजेना. मुले पेपर देऊन येत, पाणी पीत आणि भिंतीला टेकून गुपचूप बसत. मला तेही बरे वाटत नव्हते. अहो, भांडा, वाद घाला, त्यासाठी तर मी आहे.

वर्षे गेली आणि पोपटाच्या वर्गातली मुले शेवटच्या परीक्षेत पास झाली. वकिलीचा परवाना घ्यायला जायचे त्या दिवशी तो सकाळी व्हरांड्यात एकटाच उभा होता. कोट भाड्याने आणला होता. तो त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. तेवढ्यात फाटकातून ताई आली. केस बरेच पिकले होते. हातात पिशवी होती.

"काढ तो," ती म्हणाली. "बुजगावणं दिसतोयस."

तिने पिशवीतून काळा कोट काढून त्याला चढवला आणि मागे सरून पाहिले. खांदा बरोबर बसला होता, बाह्या मनगटावर नेमक्या थांबत होत्या. त्याने बटण लावायला हात नेला आणि बोटे अडखळली. बटण जिथे हवे तिथे नव्हते, उलट्या बाजूला होते. बायकांच्या कोटाला असते तसे. त्याने बटणांकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"ताई, हा तुझा आहे."

"होता. खांद्यात आत घेतला, बाह्या सोडल्या. तू काडी, मी ही अशी, खूप उसवावं लागलं. पण काजं काही बदलता येत नाहीत रे. एकदा कापली की कापली. लागेल सवय डाव्या हाताची."

पोपट मटकन माझ्यावर बसला. "मीही ब च लिहिलं होतं, ताई."

ती त्याच्या शेजारी बसली.

"तू डाव्या टोकाला बसला होतास, तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "कोर्टाची रीत मला काय माहीत नव्हती? पण तू इतकं छान बोललास रे. मला वाटलं, मनात नसेल तर माणूस इतकं छान कसं बोलेल?"

तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटाला एक सैल धागा लागला तो दातांनी तोडला. "पुरे. कापडावर डाग पडतील," ती म्हणाली. "जा, उशीर होईल." तो गेल्यावर तिने पर्समधून पत्र्याची डबी काढली, रिकामी, आणि माझ्यावर ठेवली. ती विसरली की मुद्दाम ठेवली, मला सांगता येणार नाही. त्यानंतर ती कधी आली नाही.

डबी शिपाईकाकांनी नळाजवळच्या कोनाड्यात ठेवली होती. पुढे काका निवृत्त झाले आणि डबीही कुठे गेली कोण जाणे.

मग माझेही दिवस फिरले. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. रंगीत, हलक्या, पाठीला घाम आणणाऱ्या. भिंतीवर उत्तरे लागेनाशी झाली, ती मोबाइलवर येऊ लागली. पेपर सुटला की मुले अंगठ्याने उत्तर बघतात आणि एकमेकांशी न बोलताच पांगतात. मला दोघांनी उचलून जिन्याखाली टाकले. इथे माझ्या आखूड पायाखाली कुणी घडी सारत नाही, त्यामुळे मी एका बाजूला कललेला असतो. डाव्या बाजूला. वाळवीने खालच्या फळीला तोंड लावले आहे. मागे मला फोडून सरपण करायचेही ठरले होते.

ते एका म्हाताऱ्या सरांनी थांबवले. ते या कॉलेजात शिकवायला येऊन बरीच वर्षे झाली. अंगाने अजून काडीच आहेत आणि विटलेल्या काळ्या कोटाची बटणे डाव्या हाताने लावतात. मुले मागून हसतात, त्यांना वाटते सर डावखुरे आहेत. परीक्षेच्या दिवशी दोन पेपरांच्या मधल्या वेळात ते जिन्याखाली येऊन माझ्यावर बसतात, नेहमी उजव्या टोकाला. फारसे बोलत नाहीत.

परवाच्या परीक्षेत एक मुलगी आपल्या उत्तरांवर खुणा केलेली प्रश्नपत्रिका घेऊन त्यांना शोधत आली. डोळे सुजले होते. "सर, खरं सांगा ना. या प्रश्नाला तुम्ही काय लिहिलं असतं?"

सरांनी प्रश्न वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी तू लिहिलंस तेच लिहिलं असतं. पण माझं चुकू शकतं, तुझं चुकू शकतं, आणि पेपर काढणाऱ्याचंही चुकू शकतं. डबा खाल्लास का?"

"नाही."

"मग आधी खा. इथं बस. आणि दुपारी पेपरला मी तुला दारापर्यंत सोडतो."

ती माझ्या डाव्या टोकाला बसली आणि तिने डबा उघडला. घंटा झाल्यावर सर खरोखरच तिला हॉलच्या दारापर्यंत घेऊन गेले, ती आत जाऊन जागेवर बसेपर्यंत उभे राहिले आणि मग परत येऊन माझ्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. त्यांचा हात गार होता.

मित्रांनो, माझी साक्ष संपली. तुमच्या शाळेत, कॉलेजात माझ्यासारखा एखादा लंगडा बाक असेल तर त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारा, त्याला पावसात टाकू नका. पेपर झाल्यावर त्याच्यावर बसून खुशाल वाद घाला, मिळेल त्या टोकाची बाजू मांडा, जिंका, हसा. पण कुणी जवळ येऊन, हळूच, "खरं सांग, तू काय लिहिलंस?" असे विचारले, तर ते टोक सोडून उठा आणि सांगून टाका. दुपारची घंटा व्हायला अजून वेळ असतो.